मंत्र, निबंधपुस्तक आणि दफ्तर : संघटनेतील निर्णय आणि ज्ञानसंचय

१९०५ च्या सुमारास तंजावर जिल्ह्यातील एका पंडिताने म्हैसूरच्या सरकारी प्राच्य ग्रंथालयाच्या स्वाधीन केलेली ताडपत्राची एक पोथी तेथील ग्रंथपाल आर. शामशास्त्री यांच्या हाती आली. पोथी ग्रंथ लिपीत होती. ती वाचल्यावर शामशास्त्री यांच्या ध्यानी आले की, ज्या ग्रंथाचे केवळ नाव आणि काही अवतरणे विद्वानांना ठाऊक होती, तो कौटिल्याचा अर्थशास्त्र हा ग्रंथच समोर आहे. १९०९ मध्ये त्यांनी मूळ संहिता प्रसिद्ध केली आणि १९१५ मध्ये संपूर्ण इंग्रजी भाषांतर ग्रंथरूपाने दिले. तोपर्यंत कौटिल्य लोकांस माहीत होता तो दंडीच्या दशकुमारचरितातील थट्टेमुळे, बाणाने कादंबरीत केलेल्या निंदेमुळे, कामंदकाच्या नीतिसारामुळे आणि मल्लिनाथासारख्या टीकाकारांनी जागोजाग घेतलेल्या आधारांमुळे. म्हणजे साहित्याने त्याची आठवण ठेवली होती. ग्रंथ मात्र दृष्टीआड गेला होता.

या घटनेचे वर्णन ‘हरवलेला ग्रंथ सापडला’ असे करण्याचा प्रघात आहे, आणि तो काहीसा दिशाभूल करणारा आहे. पुढे केरळात मल्याळम लिपीतील प्रती उपलब्ध झाल्या, गुजरातेत पाटणच्या जैन भांडारात देवनागरीतील एक खंडित प्रत निघाली. ग्रंथ हरवला नव्हता. तो घरोघरी आणि भांडारोभांडारी होता. कोठे आहे याची यादी कोणापाशी नव्हती, एवढेच. ज्ञान असणे आणि ते कोठे आहे हे ठाऊक असणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि ज्याला निर्णय घ्यावयाचा असतो त्याच्या दृष्टीने दुसरीवाचून पहिलीला काही किंमत नसते. योगायोग असा की, याच भेदावर राज्यकारभाराची उभारणी करू पाहणारे अध्याय त्या पोथीत होते.

व्यवस्थापनशास्त्रात हा विषय अलीकडचा समजला जातो. हर्बर्ट सायमन यांनी १९४७ मध्ये प्रशासकीय वर्तनावरील आपल्या ग्रंथात असे मांडले की, निर्णय घेणारा मनुष्य सर्व पर्याय आणि सर्व परिणाम कधीच जाणत नसतो; त्याचा विवेक मर्यादित असतो, आणि संघटना ही त्या मर्यादेत निभावून नेण्याची एक रचना असते. मायकेल पोलान्यी यांनी १९६६ मध्ये अव्यक्त ज्ञानाची कल्पना विशद केली : मनुष्य जितके सांगू शकतो त्याहून अधिक तो जाणत असतो. १९९५ मध्ये नोनाका आणि ताकेउची या जपानी अभ्यासकांनी या दोन सूत्रांची सांगड घालून, व्यक्तीच्या अंगी मुरलेले ज्ञान संघटनेच्या मालकीचे कसे होते हा प्रश्न उद्योगसंस्थांपुढे ठेवला. त्यानंतर ‘ज्ञानव्यवस्थापन’ हा शब्द रूढ झाला. मराठीत तो परका वाटतो, याचे कारण ‘व्यवस्थापन’ हा शब्दच नवा आहे. जुना शब्द ‘कारभार’. आणि कारभारी म्हणजे केवळ हुकूम देणारा नव्हे, तर ज्याला घराचा, गावाचा किंवा राज्याचा बारकावा ठाऊक आहे असा माणूस. निर्णय आणि माहिती या दोहोंची जी फारकत नव्या परिभाषेने केली आहे, ती त्या जुन्या शब्दात नाही. ती नसणे हा गुण की दोष, हा प्रश्न मात्र या विषयाच्या गाभ्याशी आहे.

अर्थशास्त्राच्या पहिल्या अधिकरणातील मंत्राधिकार हा अध्याय या दृष्टीने वाचण्यासारखा आहे. मंत्र म्हणजे येथे मसलत. कोणत्याही कामाचा आरंभ मसलतीने व्हावा, हे सांगून झाल्यावर कौटिल्य लगेच मसलतीच्या जागेविषयी बोलू लागतो : ती बंदिस्त असावी, तेथून शब्द बाहेर पडू नये, पक्ष्यांनाही ती दिसू नये, कारण पोपट, मैना, कुत्री यांच्याकडून गुपिते फुटल्याचे ऐकिवात आहे. आधुनिक वाचकाला हे वाचून हसू येईल. पण पुढे जी कारणे दिली आहेत ती हसण्यावारी नेण्याजोगी नाहीत. चेहऱ्यावरचा भाव, हातवारे, बेसावधपणा, मद्य, झोपेतील बडबड यांतून मसलत फुटते. गुपित राखणे ही भिंतींची बाब नसून माणसांची आहे, हे त्याने जाणले आहे.

यानंतर येतो तो पूर्वाचार्यांचा वाद, आणि तोच अध्यायाचा खरा भाग. भारद्वाजाचे म्हणणे असे की, राजाने एकट्यानेच विचार करावा. कारण मंत्र्यांनाही मंत्री असतात, त्यांनाही आणखी कोणी असतात, आणि या साखळीतून बातमी बाहेर जाते. विशालाक्ष त्यास विरोध करतो. एकट्याच्या विचाराने काम सिद्धीस जात नाही, कारण राजाचे ज्ञान तीन प्रकारचे आहे : काही प्रत्यक्ष, काही दुसऱ्याकडून कळलेले आणि काही अनुमानाने काढलेले. अज्ञात जाणून घेणे, जाणलेल्याचा निश्चय करणे, निश्चिताला बळकटी आणणे, दोन पर्यायांत संशय पडला तर तो फेडणे, अंश दिसला असता उरलेले शोधणे, ही सर्व कामे साहाय्यकांवाचून होत नाहीत. म्हणून कोणालाही तुच्छ न लेखता सर्वांचे मत ऐकावे; शहाण्याने मुलाचे बोलणेही, अर्थपूर्ण असेल तर, उपयोगात आणावे. पाराशरांना हे पटत नाही. यात ज्ञान मिळते पण गुप्तता राहत नाही. त्यांचा उपाय चतुर आहे : ज्या कामाविषयी विचारावयाचे त्याच्याशी मिळतेजुळते दुसरे काम मंत्र्यांपुढे ठेवावे, ‘असे झाले होते’ किंवा ‘असे झाले तर काय’ असे विचारावे, आणि ते जे सांगतील ते आपल्या कामाला लावावे. पिशुन म्हणतो, हेही फोल. दूरच्या, न घडलेल्या गोष्टीविषयी विचारले की मंत्री मनापासून उत्तर देत नाहीत. ज्या कामात जो मुरलेला त्यालाच ते विचारावे.

हा वाद चार व्यक्तींचा नसून दोन गरजांचा आहे. निर्णयाला ज्ञान हवे असते आणि ज्ञान पुष्कळांपाशी विखुरलेले असते. निर्णयाला गुप्तताही हवी असते आणि ती थोड्यांतच टिकते. एकाच संघटनेला ती शक्य तितकी उघडी आणि शक्य तितकी बंद असावी लागते. पाराशरांची युक्ती आजच्या व्यवस्थापनाच्या वर्गात ‘उदाहरण-अभ्यास’ म्हणून शिकविली जाते. पिशुनाचा आक्षेप मात्र त्या वर्गात क्वचित ऐकू येतो. काल्पनिक प्रश्नाला दिलेले उत्तर जबाबदारीचे नसते, हे त्याने ओळखले होते.

कौटिल्याचे स्वतःचे उत्तर एका संख्येच्या रूपात आहे : तीन किंवा चार. पिशुनाच्या मार्गाने गेल्यास विचारणे संपतच नाही, असे सांगून तो हिशेब मांडतो. एकाच मंत्र्याशी मसलत केली तर कठीण प्रसंगी निश्चय होत नाही, आणि तो एकटा मंत्री बेलगाम होतो. दोघे असले तर ते एक होऊन राजाला दाबतात किंवा भांडून कामाचा नाश करतात. तिघा-चौघांत असा मोठा अपाय सहसा संभवत नाही. त्याहून अधिक झाले की निश्चय अवघड आणि गुप्तता त्याहून अवघड. तरीही तो नियमाचा गुलाम नाही. देश, काल आणि कार्य पाहून एकाशी, दोघांशी किंवा एकट्यानेही विचार करावा, अशी मोकळीक तो ठेवतो. मंत्र्यांची मते एकेकट्याने आणि एकत्र अशी दोन्ही प्रकारे घ्यावीत, मतभेद कारणांसह जाणून घ्यावेत, विचार फार लांबवू नये, आणि ज्यांचे अहित होणार त्यांच्या पक्षातील माणसांशी त्याविषयी मसलत करू नये. मोठ्या मंत्रिपरिषदेच्या संख्येविषयी मानव बारा सांगतात, बार्हस्पत्य सोळा, औशनस वीस. कौटिल्य म्हणतो, सामर्थ्याप्रमाणे. जे जवळ नाहीत त्यांचा सल्ला पत्र पाठवून घ्यावा.

या शेवटच्या सूचनेकडे वाचकाचे सहसा लक्ष जात नाही. पण मसलतीच्या बंद खोलीत येथे प्रथमच कागद, खरे म्हणजे पत्र, प्रवेश करते. दुसऱ्या अधिकरणात त्याचे घर उभे राहते. ते घर म्हणजे अक्षपटल. पूर्वेकडे किंवा उत्तरेकडे तोंड असलेली, वेगवेगळ्या बैठका असलेली आणि निबंधपुस्तके ठेवण्यासाठी जागा केलेली ही वास्तू. निबंधपुस्तक म्हणजे नोंदवही. तीत काय नोंदवावे याची यादी थक्क करणारी आहे : अधिकरणांची संख्या, त्यांचा व्यवहार आणि उत्पन्न, कारखान्यांतील नफा, तोटा, खर्च, विलंब आणि मजुरी, रत्नांच्या व इतर मालाच्या किमती, देश, गाव, जाती, कुळे आणि संघ यांचे धर्म, व्यवहार व रीती, राजाच्या आश्रितांना मिळणाऱ्या देणग्या व सवलती, मित्र आणि शत्रू यांच्याशी झालेले तह. केवळ पैशाचा हिशेब नव्हे, तर गावोगावच्या रूढीही या दफ्तरात आल्या आहेत. वर्ष आषाढात संपते. त्या वेळी अधिकाऱ्यांनी मोहोरबंद हिशेब घेऊन यावे आणि तपासणी होईपर्यंत त्यांना एकमेकांशी बोलू देऊ नये.

एवढा खटाटोप कशासाठी? याचे उत्तर थोडे पुढे, अधिकाऱ्यांच्या परीक्षणाच्या अध्यायात आहे. प्रत्येक अधिकरणाचे प्रमुख अनेक असावेत आणि ते कायम नसावेत, असा दंडक तेथे आहे. त्याच्या मुळाशी अविश्वास आहे. पाण्यातील मासा पाणी केव्हा पितो ते कळत नाही, तसे कामावरचा माणूस पैसा केव्हा खातो ते कळत नाही, हा प्रसिद्ध दृष्टांत त्याच ठिकाणचा. अपहाराचे चाळीस प्रकार त्याने आधीच्या अध्यायात मोजून दाखविले आहेत. पण या अविश्वासाचा एक परिणाम स्वतंत्रपणे ध्यानात घेण्यासारखा आहे. माणूस बदलत राहणार असेल, तर माणसाबरोबर ज्ञान जाऊन चालणार नाही. ते वहीत राहिले पाहिजे. प्रमुख अनित्य, म्हणून पुस्तक नित्य. कौटिल्याने ही दोन विधाने शेजारीशेजारी ठेवलेली नाहीत. वाचकाने ती एकत्र वाचली म्हणजे त्याच्या संघटनाविचाराचा कणा दिसतो.

वाङ्मयाच्या अभ्यासकाला अक्षपटलाहूनही जवळचा वाटेल तो शासनाधिकार हा अध्याय. निर्णय झाला, तो लिहावयाचा; तो कसा लिहावा? लेखकाच्या अंगी अमात्याचे गुण असावेत, त्याला सर्व संकेत ठाऊक असावेत, रचना त्वरित करता यावी, अक्षर सुंदर असावे, आणि दुसऱ्याचे लेखन वाचण्याची शक्ती असावी. मग लेखनाचे सहा गुण : अर्थक्रम, संबंध, परिपूर्णता, माधुर्य, औदार्य, स्पष्टत्व. मुख्य गोष्ट आधी यावी. मागच्याशी पुढचे विसंगत नसावे. शब्द कमीही नसावेत, अधिकही नसावेत. अर्थ सहज उतरावा. भाषा ग्राम्य नसावी. परिचित शब्द वापरावेत. दोष पाच : अकांती, व्याघात, पुनरुक्त, अपशब्द आणि संप्लव. मळकट पान आणि फिकट, वेडीवाकडी अक्षरे हाही दोष. नको तेथे परिच्छेद पाडणे हाही दोष.

माधुर्य आणि औदार्य ही नावे भरताच्या आणि दंडीच्या गुणचर्चेत ज्याला भेटली आहेत, त्याला येथे थांबावेसे वाटेल. काव्यशास्त्राने ही परिभाषा कारभाराकडून घेतली की कारभाराने काव्यशास्त्राकडून, हा वाद कालनिर्णयाच्या दलदलीत शिरल्यावाचून सुटणारा नाही आणि येथे तो सोडविण्याचे कारणही नाही. महत्त्वाचे हे की, ज्या संघटनेचे ज्ञान वहीत राहावयाचे तिला शैलीचा विचार करावाच लागतो. समोरासमोर सांगताना सांगणाऱ्याचा चेहरा, आवाज आणि ऐकणाऱ्याचा प्रतिप्रश्न हे अर्थ पुरा करतात. वहीपाशी प्रतिप्रश्न करता येत नाही. परिपूर्णता आणि स्पष्टत्व हे म्हणूनच अलंकार नव्हेत. अनुपस्थित माणसाच्या जागी वाक्य उभे राहावे यासाठी ते आहेत. र. पं. कंगले यांनी मुंबई विद्यापीठातर्फे १९६० ते १९६५ या काळात तीन भागांत सिद्ध केलेल्या चिकित्सक आवृत्तीमुळे हे अध्याय आज निर्वेधपणे वाचता येतात. त्याआधी, १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात, ज. स. करंदीकर आणि ब. रा. हिवरगावकर यांनी मराठी भाषांतर केले होते.

शास्त्रात सांगितलेले प्रत्यक्षात कसे उतरते, हे पाहण्यास भारतीय भाषांत मराठीइतकी सोयीची जागा क्वचितच असेल. मराठी राज्याने अफाट कागद मागे ठेवला आहे. त्या राज्यकर्त्यांपुढे अर्थशास्त्राची पोथी होती असे येथे सुचवावयाचे नाही. प्रश्न तेच होते, एवढे पुरेसे आहे.

शिवाजी महाराजांच्या व्यवस्थेत उत्तरही पुष्कळसे तेच दिसते. कृष्णाजी अनंत सभासदाने १६९७ मध्ये, म्हैसूरहून फार दूर नसलेल्या जिंजीच्या किल्ल्यावर, जी बखर लिहिली तीत गडाच्या कारभाराचे वर्णन आहे : हवालदार, सबनीस आणि सरनोबत असे तिघे, आणि कारभार तिघांनी मिळून करावयाचा. अनेक प्रमुखांचे तत्त्व ते हेच. १७१५ मध्ये रामचंद्रपंत अमात्यांनी सिद्ध केलेल्या आज्ञापत्रात गडावरील अधिकारी ठरावीक मुदतीने बदलण्याविषयी आग्रह आहे. अनित्यतेचे तत्त्वही ते हेच. आणि लेखनासाठी, राज्याभिषेकानंतर, राज्यव्यवहारकोश तयार झाला. त्यात दरबारी फारसी-अरबी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले आहेत. दहा वर्गांपैकी एक संपूर्ण वर्ग लेखनाचा आहे. हा कोश भाषाशुद्धीचा उपक्रम म्हणून वाखाणला जातो, आणि ते खरेच आहे. पण तो संघटनेच्या शब्दांची एक यादीही आहे. कारकून बदलला तरी कोणत्या कामाला काय म्हणावयाचे हे बदलू नये, याची ती तजवीज होय. अष्टप्रधानांत मुजुमदाराचा अमात्य, सुरनिसाचा सचिव, वाकनिसाचा मंत्री झाला. कामे तीच राहिली.

परंतु अठराव्या शतकात वारे फिरले. रोख वेतनाच्या जागी वतन आले, आणि नेमणुकीची पदे वंशपरंपरागत झाली. याचा पुरावा शोधण्यास दफ्तरात जावे लागत नाही. तो मराठी आडनावांत आहे. फडणीस, चिटणीस, पोतनीस, सबनीस, कारखानीस, जमेनीस, दफ्तरदार. काम हे कुळाचे नाव झाले. वही आता पदाबरोबर न जाता घराबरोबर जाऊ लागली. यात केवळ अधोगती पाहणे अन्यायाचे होईल. मुलगा बापाच्या शेजारी बसून मोडी वळण, हिशेबाची रीत, पत्रांचे मायने आणि न लिहिलेले संकेत शिकत असे. पोलान्यी ज्याला अव्यक्त ज्ञान म्हणतात ते हस्तांतरित करण्याचा याहून कार्यक्षम मार्ग जगात अद्याप सापडलेला नाही. पुण्याच्या हुजूर दफ्तरात दोनशेहून अधिक कारकून राबत. एकबेरीज दफ्तरात सर्व हिशेब जमा होत, ते विषयवार लावले जात आणि वर्षाचा तर्जुमा तयार होई. ही शिस्त घरंदाज कारकुनांनीच निर्माण केली होती.

या व्यवस्थेचे सामर्थ्य आणि तिचा धोका एकाच माणसात एकवटलेले दिसतात. ३० ऑगस्ट १७७३ रोजी नारायणराव पेशव्यांचा खून झाला. त्यानंतर जो कारभार उभा राहिला त्याला इतिहासात बारभाई म्हणतात. मानवांची बारा ही संख्या येथे आठवावी असा मोह होतो. पण बारभाईतील ‘बारा’ हे मोजमापाचे नसून बोलीभाषेतले आहे. सखारामबापू बोकील, नाना फडणीस, हरिपंत फडके, त्रिंबकराव पेठे अशा कारभाऱ्यांनी गंगाबाईच्या आणि १७७४ मध्ये जन्मलेल्या सवाई माधवरावाच्या नावाने मसलत चालविली. काही काळातच हे वर्तुळ आकसून दोघांवर आले : बापू आणि नाना. दोन मंत्र्यांविषयी कौटिल्याने केलेले भाकीत शब्दशः खरे ठरले. दोघांत बेबनाव झाला. १७७९ मध्ये बापू कैदेत पडले आणि १७८१ मध्ये त्यांचा अंत झाला. राहिले एकटे नाना.

नानांच्या कर्तृत्वाविषयी दुमत होण्याचे कारण नाही. त्यांच्या बातमीदारांचे जाळे दूरवर पसरले होते, दफ्तरावर त्यांची करडी नजर होती, आणि इंग्रज, निजाम, हैदर, टिपू यांच्याशी चाललेल्या व्यवहाराचे सर्व धागे त्यांच्या हाती येत. पण येत ते त्यांच्याच हाती. वाईजवळच्या मेणवली येथील त्यांच्या वाड्यात जो कागद राहिला आणि पुढे मेणवली दफ्तर म्हणून ओळखला गेला, त्यात राज्याचा कागद कोणता आणि घरचा कोणता हे वेगळे काढणे कठीण आहे. १३ मार्च १८०० रोजी नाना वारले, तेव्हा मराठी राज्याचा शहाणपणा त्यांच्याबरोबर गेला, अशा आशयाचा अभिप्राय पुण्याच्या इंग्रज रेसिडेंटाने नोंदविला. हा अभिप्राय नानांच्या गौरवासाठी वारंवार उद्धृत केला जातो. संघटनेच्या दृष्टीने वाचल्यास तो गौरव नव्हे. ज्या राज्याचा शहाणपणा एका तिरडीवरून नेता येतो त्या राज्याविरुद्ध तो गंभीर आरोप आहे. पुढे दुसऱ्या बाजीरावाने मामलती मक्त्याने देण्यास आरंभ केला. मक्ता म्हणजे ठरलेली रक्कम आगाऊ घ्यायची आणि गावात काय चालले आहे हे विचारायचे नाही. तेव्हा दफ्तराची गरजच उरली नाही. अज्ञानामुळे निर्णय चुकतात हे सर्वज्ञात आहे. निर्णयच असा घ्यावा की ज्ञान लागू नये, हा प्रकार निराळा आणि अधिक घातक.

गावपातळीवर याच गोष्टीला दुसरी बाजू होती. कुलकर्ण्याचे दफ्तर हे त्याचे वतन होते आणि ते त्याच्या घरी असे. कोणाचे शेत कोणते, किती सारा भरला, किती बाकी, हे त्या रुमालात बांधलेले. निरक्षर कुणब्याला स्वतःच्या जमिनीविषयीचे ज्ञान दुसऱ्याच्या माजघरातून मागून आणावे लागे. जोतीराव फुले यांनी शेतकऱ्याचा असूड या ग्रंथात (१८८३) कुलकर्ण्यावर जो कोरडा ओढला आहे, त्याचे मर्म हे आहे. तो केवळ एका जातीविरुद्धचा राग नाही. नोंद करणारा एकटा आणि नोंद वाचणाराही तोच, या रचनेवर तो घाव आहे. १८५२ नंतर इनाम कमिशनने हा खेळ वरच्या वर्गावर उलटविला. पेशवे दफ्तर आता सरकारच्या ताब्यात होते. ज्या इनामदाराचा हक्क त्या दफ्तरातून सिद्ध होईना, त्याच्या देवघरातील सनदेला किंमत उरली नाही. अनेकांची इनामे गेली. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१८ मध्ये कुलकर्णी वतन रद्द करून पगारी तलाठी नेमले, आणि मुंबई राज्यात १९५० च्या कायद्याने परगणा व कुलकर्णी वतने संपुष्टात आली. प्रमुख पुन्हा अनित्य झाला, पुस्तक पुन्हा सरकारी झाले.

येथे कौटिल्याची बाजू निर्विवाद जिंकली असे वाटेल. पण एक हिशेब राहतो. वतन गेले तसे वतनाबरोबर चालत आलेले शिक्षणही गेले. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मोडी लिपी व्यवहारातून उठली. पुण्याच्या दफ्तरात हजारो रुमाल आजही सुरक्षित आहेत. गो. स. सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात निवडक कागदांचे ४५ खंड काढले. ते प्रचंड काम आहे, पण मूळ संग्रहाच्या मानाने तो ओंजळभर आहे. उरलेले वाचण्यासाठी मोडी यावी लागते, आणि मोडी येणे म्हणजे अक्षरे ओळखणे नव्हे : शब्द न तोडता धावणारी ओळ, संक्षेप, सुहूर सन, पत्राच्या शेवटी पुढे काही वाढवू नये म्हणून उमटविलेले मोर्तब, या साऱ्यांची नजर बसावी लागते. ती पुस्तकातून पुरती येत नाही. कौटिल्याने लेखकाच्या गुणांत दुसऱ्याचे लेखन वाचण्याचे सामर्थ्य घातले होते ते उगाच नव्हे. वही नित्य असली तरी वाचणारा अनित्यच राहतो.

दक्षिणेत याचे एक उदाहरण मराठीच्याच संदर्भात घडले आहे, आणि महाराष्ट्रात ते फारसे ठाऊक नाही. मराठ्यांच्या सत्तेमुळे आणि तंजावरच्या राज्यामुळे दक्षिणेतील अनेक कचेऱ्यांत हिशेब मराठीत ठेवण्याची रीत पडली, आणि कंपनी सरकारच्या मद्रास इलाख्यातही ती एकोणिसाव्या शतकात बराच काळ चालू राहिली. रॉबर्ट फ्रायकेनबर्ग यांनी गुंटूर जिल्ह्यावरील आपल्या ग्रंथात (१९६५) तेथील देशस्थ कारकुनांच्या घराण्यांचा अभ्यास केला आहे. प्रजा तेलुगू, साहेब इंग्रज, आणि दफ्तर मराठी. कलेक्टरपुढे कागद होते, पण ते वाचून दाखविणारा माणूस ज्याच्या हिताविरुद्ध निर्णय व्हावयाचा त्याच घरातला. ज्यांचे अहित होणार त्यांच्या पक्षाशी मसलत करू नये, हा कौटिल्याचा नियम पाळणे त्या कलेक्टरला शक्यच नव्हते. त्याला तसे होत आहे हे कळण्याची सोयदेखील त्याच माणसांच्या हाती होती. वही सरकारी असूनही ज्ञान खाजगी राहिले.

म्हैसूरचा अनुभव याहून वेगळ्या वळणाचा. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडले, टिपू मारला गेला. जिंकणाऱ्यांच्या हाती राज्य आले, पण त्याच्या वसुलाचे ज्ञान हाती येईना. ते होते पूर्णय्या या कारभाऱ्यापाशी. हैदराच्या आणि टिपूच्या चाकरीत मुरलेल्या या देशस्थ माध्व गृहस्थाला इंग्रजांनी, शत्रूचा मंत्री असूनही, वोडेयरांच्या पुनःस्थापित राज्याचा दिवाण केले, आणि १८११ पर्यंत तो त्या पदावर राहिला. राजा बदलला, निशाण बदलले, कारभारी तोच. यास औदार्य म्हणण्यापेक्षा नाइलाज म्हणणे अधिक योग्य. पुढे १८३१ ते १८८१ या काळात इंग्रज कमिशनरांनी म्हैसूरचा कारभार कचेऱ्या, अहवाल आणि नियमपुस्तके यांच्या साच्यात घातला, आणि राज्य राजघराण्याला परत मिळाले तेव्हा दिवाण रंगाचार्लू यांनी १८८१ मध्ये प्रजाप्रतिनिधी सभा भरविली. गावोगावच्या माणसांना वर्षातून एकदा म्हैसुरात बोलावून त्यांच्याकडून गाऱ्हाणी ऐकावयाची, हा तिचा उद्देश. तिला निर्णयाचा अधिकार नव्हता. विशालाक्षाने ऐकावयास सांगितले होते, तेवढेच तिने आरंभी केले.

सरकारी प्राच्य ग्रंथालय १८९१ मध्ये निघाले ते याच राज्यात. खाजगी घरांतील पोथ्या एका छताखाली आणाव्यात, त्यांची सूची करावी, आणि ज्याला त्या वाचता येतात असा माणूस पगारावर ठेवावा, एवढीच त्याची रचना होती. अक्षपटलात बैठका आणि निबंधपुस्तके होती; येथे त्यांच्याबरोबर ग्रंथ लिपी वाचणारे शामशास्त्री होते. तंजावरची पोथी ज्या काळात तेथे पोहोचली त्या काळात म्हैसूरचे दिवाण पी. एन. कृष्णमूर्ती होते, ते पूर्णय्याचे वंशज, पण दिवाणपद त्यांच्याकडे आले ते वतन म्हणून नव्हे, तर नेमणुकीने. १९०९ मध्ये संहिता छापून निघाली त्याच वर्षी ते पद व्ही. पी. माधवराव यांच्याकडून टी. आनंदराव यांच्याकडे गेले. दोघेही तंजावरकडचे मराठी. दोघांचे घराणे निराळे.